सहा दिवसांत पाच मॅच, खरंच?

प्रश्न : अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या कॉलेजने एका आठवड्यात पाच फुटबॉल मॅच जिंकल्या म्हणे, थापच ना ही?

उत्तर : थाप नाही हो! टेनेसीतल्या डोंगरावरचं सिवानी कॉलेज, साल १८९९. त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात बॉल घेऊन धडका मारायचा तो, आपला पायाने खेळायचा नव्हे, आणि तेव्हा पुढे पास फेकायलाही बंदी, म्हणजे नुसती ढकलाढकली. ९ नोव्हेंबरला टेक्सास विद्यापीठाच्या टीमला १२-० ने हरवलं, दुसऱ्या दिवशी टेक्सास ए अँड एमला १०-०, मग तुलेनला २३-०, रविवारी सुट्टी, की लगेच एलएसयूला (लुईझियाना स्टेट विद्यापीठ) ३४-० आणि १४ तारखेला ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) १२-०. पाचही जणांना भोपळा! प्रवास सगळा रेल्वेने, जवळजवळ ४,००० किलोमीटर, रात्री डब्यात अंग शेकायचं नि सकाळी परत मैदानात. राखीव खेळाडू मोजकेच, त्यामुळे दुखलं तरी खेळायचंच. अख्ख्या सीझनमध्ये १२ पैकी १२ मॅच जिंकल्या, पॉइंट खाल्ले फक्त १०, तेही एकट्या ऑबर्न कॉलेजकडून, ती मॅच ११-१० अशी कशीबशी जिंकली. आणि हो, टचडाउनचे, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा गाठण्याचे, तेव्हा पाचच पॉइंट मिळायचे, आजच्यासारखे सहा नाही, त्यामुळे ते ३४ आजच्या हिशोबात अजून जास्त भरतील.