शंका-समाधान : खोलीकरण केलं, तरी ओढा दिवाळीतच आटतो

प्रश्न : आमचा ओढा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा. मध्यंतरी जेसीबी लावून तो पंधरा फूट खोल केला, तीन बंधारेही घातले. आता दिवाळीलाच कोरडा, काठच्या विहिरीही लवकर तळ गाठतात. कुठं चुकलं?
— एक वाचक, ता. दिंडोरी

उत्तर : खोलीकरणातच. पाऊस थांबल्यावर ओढ्यात दिसतं ते मुरमातून पाझरलेलं पाणी. आपल्याकडे मातीखाली मुरूम, मग मांजऱ्या (छिद्रं असलेला मऊसर खडक), त्याखाली काळा पाषाण. पाणी धरतात मधले दोन थर. पंधरा फुटांत ते दोन्ही फुटले असणार. त्यामुळे विहिरींभोवतीचं पाणी सप्टेंबरातच ओढ्यात उतरून निघून जातं.

पात्र पुन्हा वर आणावं लागेल. अनगड दगडांचे किंवा जाळीचे बांध असे घाला, की खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत येईल. मागे गाळ साचून तळ उचलतो. टोकं काठात मीटरभर घुसवा, नाहीतर पूर बगल देऊन काठच खातो.

हल्ली पाऊस थोडक्या तासांत कोसळतो आणि मुरमाला तेवढं पिण्याची सवड मिळत नाही. ती डोंगरउतारावर आडवे, एका पातळीत खोदलेले समतल चर देतात. ६० सें.मी. रुंद, ३० सें.मी. खोल चरात दर दहा मीटरला १,८०० लिटर मावतं. पातळी नळीनं काढा. नजरेनं आखलेला चर सखल जागी हमखास फुटतो. माती खालच्या अंगाला टाका.

आता न आवडणारी गोष्ट. ३० × ३० × ३ मीटरचं, उतरत्या बाजूंचं अस्तरीकरणाचं शेततळं म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. ओढ्याची धार सेकंदाला ५ लिटर असेल, तर त्याचं पाच दिवसांचं पाणी. द्राक्षांच्या गोड्या (ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या) छाटणीनंतर अशी दहा तळी विहिरींवरून भरली, तर बांध काय करणार? तळी भर पावसाळ्यात, ओढा दुथडी असताना भरा. हा ठराव ग्रामसभेत झाला नाही, तर बाकीचा खर्च करू नका.

फरक पडतोय का, ते मोजा. सरळ पात्राचे १० मीटर आखून लाकडाचा तुकडा सोडा. ४० सेकंद लागले, रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सें.मी. असली, तर वेग सेकंदाला ०.२५ मीटर; त्याला रुंदी-खोलीनं आणि काठ-तळाच्या घर्षणापोटी ०.८ नं गुणा. धार सेकंदाला ३६ लिटर. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला, मोटारी बंद असताना, त्याच जागी मोजा आणि तोच आकडा पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडा. त्या वर्षीचा पाऊस शेजारी लिहायला विसरू नका.