शाळेचा पैसा येतो कुठून अन् अडतो कुठे : वाचकांचे प्रश्न

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात सगळी नोकरी झाली, आता रिटायर आहे, पण फोन काही रिटायर होत नाहीत. बहुतेक प्रश्न तेच ते, म्हणून इथं एकदाच लिहितो. फोनवर नियम सांगता येतो, तुमच्या शाळेचं रजिस्टर दिसत नाही, तेव्हा पुढं पाऊल टाकायच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारून घ्याच.

गावात सगळे म्हणतात शाळेचा सगळा पैसा सरपंचाकडे येतो अन् तो दाबून ठेवतो. खरं काय? (पालक, घाटंजी तालुका)

नाही. मास्तरांचा पगार राज्य सरकारचा, तो जिल्हा परिषदेमार्फत येतो. शाळेचं वार्षिक अनुदान, गणवेश, पुस्तकं समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून, त्यात केंद्राचे 60 टक्के अन् राज्याचे 40. पोषण आहारातही तोच हिशोब. ग्रामपंचायतीच्या हातात वित्त आयोगाचा निधी अन् घरपट्टी-पाणीपट्टीतून जमणारा ग्रामनिधी, त्यातून शाळेला द्यायचं की नाही ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ठरतं. पारावर ऐकलेलं सोडा, ग्रामपंचायतीत जाऊन आराखडा मागा.

आमच्या शाळेत 22 पोट्टे. आम्हाला वर्षाला 10 हजार अन् बाजूच्या गावाला 25 हजार. अन्याय नाही का?

नियमच तसा आहे: 30 पर्यंत पट (पोरांची संख्या) असला तर 10 हजार, त्यापुढं शंभरापर्यंत 25 हजार. त्यातही किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. लाईट बिलही यातूनच भरता येतं.

पहिलीत नाव टाकताना दोनशे रुपये घेतले, पावती नाही दिली.

झेडपीच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही म्हणजे नाही, शिक्षण हक्क कायदा 2009 चाच आहे. खुशीनं दिलेली देणगी असेल तर पावती पाहिजेच, आधी मुख्याध्यापकांना शांतपणे विचारा, मग केंद्रप्रमुख.

दोन खोल्यांचं छप्पर गळतं, भिंतीला भेग. ग्रामपंचायत म्हणते इमारत झेडपीची, झेडपी म्हणते प्रस्ताव पाठवा. काय करावं?

आधी त्या खोलीत लेकरं बसवणं बंद करा, आजच, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. मग झेडपीच्या बांधकाम उपविभागाकडून पाहणी करून घ्या, दुरुस्ती होते की निर्लेखन करून (म्हणजे वापरातून बाद ठरवून) पाडायची हे इंजिनिअरच सांगेल, गावातला मिस्त्री नाही. निर्लेखनाच्या फाईलला वेळ लागतो, टेबलाटेबलावर बसते, म्हणून प्रत्येक पत्राची पोच ठेवा. ग्रामपंचायतीचं 'आमची इमारत नाही' हे अर्धंच खरं आहे. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे 2021-22 ते 2025-26, निधीचा 60 टक्के भाग पाणी अन् स्वच्छतेला बांधलेला होता, शाळेचा संडास, हात धुवायची जागा त्यात बसत होती, अन् उरलेल्या अबंधितमधून (कामाची अट नसलेल्या भागातून) दुरुस्तीही घेता येत होती, फक्त आराखड्यात नाव पाहिजे. नव्या आयोगाचं काय ते ग्रामसेवकाला विचारा (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, काम तेच). 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. घरकुलाच्या यादीसाठी अख्खं गाव येतं, शाळेच्या वेळेस काऊन कोणी नसतं?

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. एक डीलर मार्चमध्ये आला, म्हणे डिजिटल पॅनल घ्या, ठरावावर सही करा, नाहीतर निधी परत जाईल. सही करावी का?

नका करू. आता जरा सविस्तर ऐका, कारण मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे.

'निधी परत जाईल' यात थोडं खरं आहे. समग्र शिक्षाचा पैसा आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा मिळते अन् 31 मार्चला उरलेली जाते. जूनमध्ये लागणारा पैसा फेब्रुवारीत येतो, हे म्हणजे तूर काढून झाल्यावर फवारणीला पैसे देण्यासारखं. हा उशीर वरच्यांचा, पण त्याचा धंदा डीलर करतो. हातात जीआरची झेरॉक्स, तोंडात 'साहेबांचं बोलणं झालंय', ई-टेंडर लागू नये म्हणून बिलाचे तुकडे, अन् समितीतल्या बायांच्या घरी रजिस्टर पाठवून सह्या. लाईट कापलेल्या शाळेत पॅनल आलेलं मी पाहिलं आहे, कपाटावर चादर टाकून ठेवलेलं.

बापा, ती सही तुमची आहे हे समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया, मुख्याध्यापक फक्त सचिव. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनं करायचा. पॅनल त्या आराखड्यात आहे का? नसेल तर डीलरला चहा पाजा अन् परत पाठवा. असेल तर बैठक बोलवा, ठराव मोठ्यानं वाचून घ्या, कोऱ्या पानावर कोणीच सही करू नका, माल आल्यावर चालू करून बघा, सिरीयल नंबर डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढल्यावरच बिल. खरेदीची पद्धत अन् रकमेची मर्यादा बदलत राहते, ती पंचायत समितीच्या लेखा शाखेतून लेखी घ्या, डीलरच्या तोंडून नको. अन् आधीच सही झाली असेल तर गप्प बसू नका, याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या.

मुलगी आठवीत गेली, शाळा चार किलोमीटर. सायकल मिळते म्हणतात, पण अमुक दुकानातूनच घ्या असंही सांगतात.

दुकान तुम्ही ठरवा, पैसे खात्यात येतात. मानव विकास कार्यक्रम या राज्याच्या योजनेतल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5 हजार मिळतात. तुमचा तालुका यादीत आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. एसटीनं जायचं असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बघा.

मुलाला नीट चालता येत नाही, शाळा म्हणते घरीच ठेवा.

घरी ठेवू नका. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या लेकराला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षामध्ये प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता अशा तरतुदी आहेत. गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा, पण आधी जिल्हा रुग्णालयातून तपासणी अन् यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड. पैसे घेऊन कार्ड काढून देणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

आमचं गाव वणीकडं कोळसा खाणीजवळ. धूळ आम्ही खातो, खाणीचा पैसा शाळेला मिळतो का?

मिळू शकतो. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, खाणवाल्यांचा पैसा त्यात जमा होतो. केंद्राच्या 2024 च्या सूचनांप्रमाणे 70 टक्के खर्च प्राधान्याच्या कामांवर, अन् शिक्षण त्यात आहे. गाव बाधित यादीत आहे का ते यवतमाळला कलेक्टर ऑफिसच्या खनिकर्म शाखेत तपासा. असेल तर ग्रामसभेचा ठराव, समितीचा ठराव अन् इंजिनिअरचं अंदाजपत्रक जोडून प्रस्ताव द्या. नुसतं निवेदन देऊन फोटो काढला तर फाईल उघडतही नाही.