एकादशीच्या बैठकीत पहिल्यांदा गाताना

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

येत्या एकादशीला देवळात एक अभंग म्हणायला तुला सांगितलं आहे आणि तू रोज ताना घोटते आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. ऐकून बरं वाटलं. पण त्या संध्याकाळी तुझ्या वाट्याला फार तर दहा मिनिटं येतील. उरलेले दोन-अडीच तास तुला दुसऱ्यांच्या मागे म्हणायचं आहे, आणि त्याची तयारी तू केलेली दिसत नाही. म्हणून हे पत्र.

गोव्यात गाणाऱ्या मुलीवर मोठ्या नावांचं ओझं फार लवकर पडतं. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि अभिषेकीबुवा. दोन सूर बरे लागले की कोणीतरी यांतलं एक नाव घेतंच. त्यांच्याविषयीचा अभिमान मनात हवा, पण एकादशीला चौकात बसताना तो बाहेर ठेव. त्यांच्या मैफलीला लोक ऐकायला जात. आपल्या बैठकीला येणारा माणूस गायलाही आलेला असतो. कोणी दुकान बंद करून येतो, कोणी कदंबा बसवरची ड्युटी संपवून, कोणी घरचा स्वयंपाक आटोपून. मोकळ्या गळ्याने म्हणायला त्यांना एवढीच जागा आहे. तुझा अभंग चालू असताना ती सगळी माणसं हात बांधून बसली, तर तू कितीही सुरेल गायलीस तरी मला वाईट वाटेल.

तेव्हा अभंग असा निवड, की ध्रुवपद दुसऱ्या खेपेला कोणीही उचलावं. ते पहिल्यांदा सरळ म्हण, एकही हरकत न घेता. मागून आवाज आला की परत म्हण, मग अंतऱ्याला जा. तुला हव्या त्या हरकती अंतऱ्यात घे. ध्रुवपदावर परत येताना मात्र चाल जशी दिलीस तशीच ठेव. तू दर वेळी नवीन काही केलंस तर मागच्यांना कुठे शिरायचं तेच कळत नाही, आणि दोन कडव्यांनंतर ते गप्प होतात.

पट्टीचा प्रश्न याहून नाजूक आहे. घरी तू काळी पाच धरतेस. तुझ्या गळ्याला ती बरोबर आहे. पण मागे पुरुष जास्त, आणि काळी पाचला त्यांची पंचाईत होते: वर गेले तर आवाज ताणतो, खाली उतरले तर शब्द घशातच राहतात. सगळा अभंग त्यांच्यासाठी खाली आणावा असं मी म्हणत नाही, तसं केलंस तर तुझाच गळा बसेल. ध्रुवपद चार-पाच सुरांतच फिरतं असा अभंग शोध आणि पट्टी थोडी उतरवून बघ. पेटीवर एकटीने बसून ठरवू नकोस. वडिलांना समोर बसवून त्यांच्याकडून ध्रुवपद म्हणवून घे, लगेच कळेल.

लय पखवाजवाल्याच्या हातात असते. भजनी ठेका आठ मात्रांचा, वरवर सोपा, त्यामुळे गाणारा उत्साहात पुढे धावतो. त्याच्या हाताकडे बघत गा. लग्गी, म्हणजे ठेक्याची दुगुणीतली जलद वाजवणी, केव्हा लावायची ते त्याला ठरवू दे.

आता त्या अडीच तासांबद्दल. आपल्या मंडळातले सर्वांत वयस्क बुवा गातात तेव्हा नीट बघ. कडव्याच्या शेवटी त्यांचा श्वास अपुरा पडतो. शेवटचा शब्द अर्धा राहणार, इतक्यात मागचे दोघे तो हळूच उचलून धरतात, आणि बुवा श्वास घेऊन समेवर येतात. बाहेरच्या माणसाला काही कळतही नाही. हे करायला त्या दोघांना बुवांचा प्रत्येक अभंग पाठ लागतो, त्यांचा श्वास कुठे संपतो तेही माहीत लागतं. मला तू हे शिकायला हवी आहेस. मागे म्हणताना आपला आवाज वेगळा कळला पाहिजे हा हट्ट सोड. टाळ वाजवायला मिळाले तर बेताने वाजव.

श्रावणात शुद्ध सप्तमीला वास्कोचा दामोदर सप्ताह बसतो, तेव्हा तुला घेऊन जाईन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली असताना लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं आणि तिथलं श्रीफळ वास्कोला आणलं, तेव्हापासूनची ही प्रथा. नाव सप्ताह असलं तरी चोवीस तास भजन अखंड चालतं. एक मंडळ उठतं, दुसरं बसतं, आणि तरी नाम तुटू द्यायचं नसतं. ती अदलाबदल जवळून बघ. मध्यरात्रीनंतर माणसं कमी असतात, तेव्हा बघण्यासारखी असते.

चवथीच्या आरत्यांसाठी घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, शिकायचं तुझ्या मनात आहे, ते अवश्य कर. राज्य सरकारने 2019 मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, आता कायद्याने ते बंद आहे, बकऱ्याचं लावतात. पावसाच्या दमटपणात ते सैल पडतं, तापवून घ्यावं लागतं. पण आधी काही दिवस कासाळे, म्हणजे झांजा, वाजव, मग काठ्यांनी वाजवायचा शामेळ, आणि घुमट शेवटी. एका हाताने कातड्यावर थाप आणि दुसऱ्या पंजाने मागचं तोंड झाकत-उघडत घुमारा काढायचा, हे लय अंगात मुरल्याशिवाय जमत नाही.

एकादशीला सुरुवातीपासून ये. आपला अभंग झाला की उठून जाऊ नकोस, आरती होऊन प्रसाद वाटेपर्यंत थांब. अभंग आणि पट्टी दोन दिवस आधी कळव, म्हणजे पेटीवाल्या काकांना सांगून ठेवतो.

तुझा,
काका