क्लाउडवर एसएलए (सेवा किती वेगाने मिळेल याचा ग्राहकाशी केलेला करार) पाळायला पीआयडी कंट्रोलर लावावा, की ऑटोस्केलिंगचा साधा नियम पुरतो?

तुमचा बेत असा दिसतो: ‘सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की एक सर्व्हर वाढव’ हा नियम काढून टाकायचा आणि पीआयडी (लक्ष्यापासूनची आताची चूक, तिची साठलेली बेरीज म्हणजे इंटिग्रल आणि तिच्या बदलाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह, या तिन्हींवरून दुरुस्ती करणारा कंट्रोलर) थेट पी९९ रिस्पॉन्स टाइमवर सोडायचा, म्हणजे ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात त्या वेळेवर. कंट्रोल थिअरी जरूर वापरा, पण पी९९वर थेट नको.

याचं कारण रांगेच्या गणितात आहे. एका रिक्वेस्टचं काम सरासरी २० मिलिसेकंदांचं आहे असं धरा. रांगेच्या अगदी साध्या एम/एम/१ मॉडेलमध्ये (रिक्वेस्ट यादृच्छिकपणे येतात, काम करणारा सर्व्हर एकच) सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना सरासरी रिस्पॉन्स टाइम ४० येतो, ८० टक्क्यांना १००, ९० टक्क्यांना २०० आणि ९५ टक्क्यांना ४००. म्हणजे ५० वरून ५५ वर गेलात तर आकडा जेमतेम हलतो. ९० वरून ९५ वर गेलात तर थेट दुप्पट. निवांत वेळी ट्यून केलेला पीआयडी गर्दीत पिसाटतो आणि गर्दीत ट्यून केलेला निवांत वेळी पेंगतो. त्यात १५ सेकंदांत २००च रिक्वेस्ट आल्या, तर पी९९ सगळ्यात हळू अशा दोन-तीन रिक्वेस्टवर ठरतो. त्या गोंगाटावर डेरिव्हेटिव्ह लावायचा विचारही करू नका.

दुसरी अडचण उशिराची. नवा सर्व्हर उभा राहून लोड घ्यायला ३ मिनिटं लागत असतील आणि कंट्रोलर दर १५ सेकंदांनी निर्णय घेत असेल, तर पहिल्याचा परिणाम दिसेपर्यंत त्याने आणखी डझनभर निर्णय घेतलेले असतात. सर्व्हरची कमाल मर्यादा गाठली तरी इंटिग्रल भाग चूक साठवतच राहतो आणि मग गर्दी ओसरल्यावरही बिल खाली येत नाही. मर्यादा गाठली की ही साठवण थांबवायची, एवढं तरी कराच.

मी दोन लूप ठेवतो. आतला लूप वेगवान, तो प्रत्येक सर्व्हरवरचा भार ठरावीक पातळीवर धरतो. कुबरनेटिस या सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रणालीतला एचपीए हा ऑटोस्केलर नेमका हेच करतो: ४ पॉड (अ‍ॅपच्या चालू प्रती) ९० टक्क्यांवर आहेत आणि लक्ष्य ६० आहे, तर ४ × ९० ÷ ६०, म्हणजे ६ पॉड. १० टक्क्यांच्या आतला फरक तो सोडून देतो आणि पॉड कमी करण्याआधी मागच्या ५ मिनिटांचा हिशोब बघतो (दोन्ही डीफॉल्ट, बदलता येतात). तुम्ही ज्याला साधा म्हणताय त्या ऑटोस्केलिंगमध्ये कंट्रोल थिअरी अशी आधीच बसलेली आहे. बाहेरचा लूप मुद्दाम संथ. तो मोठ्या अवधीतला पी९९ बघून आतलं लक्ष्य ६० वरून ५५ असं सरकवतो, बस्स. करारात ३०० मिलिसेकंद असतील तर त्याला लक्ष्य २०० द्या. दंड मर्यादा ओलांडली तरच बसतो, लवकर उत्तर दिलं म्हणून नाही.

हे सगळं लावण्याआधी अडथळा कुठे आहे ते बघा. डेटाबेस तुंबला असेल तर सर्व्हर वाढवून कनेक्शन वाढतात आणि रिस्पॉन्स टाइम आणखी चढतो. फीडबॅकचं चिन्हच उलटं होतं, आणि तिथे कितीही हुशार कंट्रोलर आगीत तेलच ओततो. अशा वेळी जास्तीच्या रिक्वेस्ट दारातूनच ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ हा एचटीटीपी कोड) देऊन परत पाठवाव्या लागतात. त्या एसएलएमध्ये बिघाड म्हणून मोजल्या जातात का, हे करारात आधी वाचून ठेवा.