गाडीत टीपीएमएस आहे, मग टायरची हवा वेगळी तपासायची गरज आहे का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. नव्या गाडीत टीपीएमएस, म्हणजे टायरची हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा आहे आणि दिवा लागलेला नाही, तर हवा तपासायची का, हा एक. मे महिन्यात समृद्धी महामार्गावरून सहकुटुंब नागपूरला जायचंय, तर सासरे म्हणतात तशी हवा दोन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी ठेवायची का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, तपासायची. दुसऱ्याचं उत्तर अजिबात नाही. माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न रोजचेच आहेत. सासऱ्यांसकट.

आधी दिव्याचं बघू. हवा बरोबर आहे हे सांगण्यासाठी हा दिवा बनवलेलाच नाही. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांचे वरचे थर सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, आणि त्या प्रकरणातून २००० साली तिथे कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा आहे. पण त्या नियमात दिवा कधी लागला पाहिजे? कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाल्यावर. युरोपने नंतर सक्ती केली तेव्हा ही मर्यादा २० टक्के ठेवली.

आता हे तुमच्या गाडीला लावून बघा. समजा दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय. २० टक्के कमी म्हणजे साधारण साडेसव्वीस, २५ टक्के कमी म्हणजे पावणेपंचवीस. म्हणजे टायरमध्ये २७ पीएसआय असताना, गाडीत पाच माणसं, डिकीत चार बॅगा आणि काटा १२० वर असेल तरी दिवा गप्प बसू शकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. शाळेतून नापास झाल्यावरच घरी चिठ्ठी यावी, तसं आहे हे. काठावर पास झालात तर कोणी कळवायला येत नाही.

काठावरची हवा टायरचं काय करते ते दुकानात रोज दिसतं. कमी हवेवर बराच पळालेला टायर रिमवरून उतरवला आणि आतून हात फिरवला की बोटं काळी होतात. आत रबराची बारीक भुकटी साचलेली असते, आणि साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतल्या अंगाला गोल पट्टा उमटलेला दिसतो. साइडवॉल दर फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त दुमडते, तापते आणि आतून झिजते. बाहेरून बघाल तर नक्षी छान, टायर काळाभोर. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, एवढा चांगला आहे, पंक्चर काढून बसवा परत." मी बसवत नाही, यावरून भांडणंही होतात. भुकटी हातावर घेऊन दाखवली की बहुतेक जण गप्प होतात.

तुमच्या गाडीत कोणत्या प्रकारचा टीपीएमएस आहे ते आधी ओळखा, कारण दोघांच्या खोडी वेगळ्या आहेत. स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर प्रत्येक चाकात वॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर आहे आणि तो रेडिओने दाब कळवतो. त्याची बॅटरी आतच बंद केलेली असते, साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो. टायर बदलायला जाल तेव्हा आत सेन्सर आहे हे दुकानातल्या मुलाला आधीच सांगा. मशीनचा पाना चुकीच्या जागी घातला की सेन्सर तुटतो. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग कायमचा पेटला, तर बऱ्याच गाड्यांत तो हवेचा नाही, यंत्रणाच बिघडल्याचा इशारा असतो.

आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा आहे आणि मेन्यूत कुठेतरी 'रिसेट' किंवा 'सेट' आहे, तर तुमची यंत्रणा दाब मोजतच नाही. ती एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचे वेग बघते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतर चाकांपेक्षा थोडं जास्त फिरतं, आणि तो फरक ती पकडते. युक्ती हुशारीची आहे, पण चारही टायर हळूहळू सारखेच उतरले तर तुलना कोणाशी करायची? काही नव्या यंत्रणा चाकाची थरथर ऐकून तेही ओळखायचा प्रयत्न करतात, तरी यात पंक्चर लवकर कळतं आणि महिनोन्महिन्यांची गळती उशिरा, हे धरूनच चाला. धडधाकट टायरही महिन्याला एखाद-दोन पीएसआय सोडतो, आणि चारही सोडतात.

त्याहून वाईट म्हणजे रिसेटचं बटण. दिवा लागला, घाई आहे, कोणीतरी सांगतं "रिसेट मारा, जाईल". खरंच जातो. कारण त्या क्षणी टायरमध्ये जी काही हवा आहे तीच आता बरोबर, असं तुम्ही गाडीला शिकवलेलं असतं. २६ वर रिसेट केलंत तर यापुढे २६ हेच तिचं प्रमाण. आधी थंड टायरमध्ये योग्य हवा भरायची आणि मगच रिसेट दाबायचं. चाकं अदलाबदल केल्यावरही तसंच.

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा, उन्हात न तापलेला. सकाळी पार्किंगमध्येच बघा. वॉल्व्हची टोपी काढा, गेज सरळ दाबा, पहिल्यांदा फुस्स झालं तर तो आकडा धरू नका, परत लावा. गेज स्वतःचं घ्या, काही शे रुपयांत बरं मिळतं. पंपावरच्या मशीनवर रोज शेकडो गाड्या येतात, नोझल आपटतं, पाइप गळतो. दोन पंपांवर दोन वेगळे आकडे दाखवणारी मशीन मी बघितली आहेत.

आता लोक विचारतात की घरी थंड असताना मोजलं, पण हवा तर पंपावर जाऊनच भरणार, तोवर टायर गरम होतो, मग काय? सोपं आहे. घरी कमी किती आहे तेवढंच लक्षात ठेवा. समजा मागचा डावा २९ आहे आणि पाहिजेत ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर तोच टायर ३१ दाखवेल, तर मशीनवर ३५ लावायला सांगा. पोरगं म्हणेल, "साहेब, जास्त होईल." होऊ द्या. नाहीतर तो गरम टायरला ३३ भरून टुक आवाज काढून मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा ३१ वर असतो, आणि दिवा अर्थातच लागत नाही. हवा भरल्यावर वॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब ठेवून बुडबुडा येतो का बघा. पंपावरची जुनी माणसं हे न सांगता करतात.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. तुम्ही सहकुटुंब चालला आहात, तुमची ओळ दुसरी. टायरवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा मात्र भरायचा नाही, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे.

आता सासऱ्यांचा मुद्दा. "उन्हात हवा फुगते, म्हणून आधीच कमी ठेवायची." पहिला भाग खरा आहे. १० अंश तापमान वाढलं की ३३ पीएसआयच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढतो. सकाळी २५ अंशांना भरलेला टायर विदर्भातल्या दुपारी पळून पळून आतून ६० अंशांवर गेला तरी दाब ३८-३९ च्या आसपास जातो. कंपनीने ३३ लिहिताना हे गृहीत धरलेलं असतं, आणि चांगल्या टायरला एवढा दाब काहीच नाही. फुटतो तो सहसा जास्त हवेने नाही, उष्णतेने. आणि उष्णता वाढवायचा हमखास उपाय म्हणजे हवा कमी ठेवणं. साइडवॉल जास्त दुमडेल, जास्त तापेल, वर ओझं आणि वेग. म्हणून वाटेत चहाला थांबल्यावर ३८ दिसलं तर हवा काढू नका. काढलीत तर रात्री गाडी थंड झाल्यावर ती २८ वर बसेल.

हिवाळ्यात हेच उलटं होतं. दुपारच्या ३८ अंशांत भरलेली हवा निफाडकडच्या ८ अंशांच्या पहाटे साडेचार पीएसआयने खाली येते. आधीच दोन कमी असतील तर दिवा लागतो, पाच-दहा किलोमीटर गेल्यावर टायर गरम होऊन कधीकधी विझतो, आणि माणूस म्हणतो सेन्सर खराब आहे. सेन्सर बरोबर आहे, हवा भरा.

समृद्धीबद्दल एवढंच, की वेगमर्यादा १२० आहे आणि रस्ता सरळसोट, त्यामुळे तासन् तास तोच वेग राहतो. शहरात जो टायर सिग्नलला विसावतो त्याला इथे उसंत नाही. परिवहन खात्याने २०२३ मध्ये इथे टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते चांगलंच झालं. पण नजरेने नक्षी दिसते, हवा दिसत नाही. हल्लीचे रेडियल टायर २६ वरही डोळ्यांना ३३ सारखेच वाटतात. जाण्याआधी टायरचं वयही बघा. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

नायट्रोजनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सांगेलच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्यावर विसंबून तपासणी सोडू नका.

आणि स्टेपनी. २०२० च्या नियमबदलानंतर टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा आहे, तेव्हा तुमच्या गाडीत ती आहे का हे आधी बघा. नसेल आणि किटमधला द्रव वापरायची वेळ आलीच, तर पंक्चरवाल्याला तसं सांगा, कारण तो द्रव सेन्सरवर चिकटतो. स्टेपनी असेल तर तिच्यात बहुतेक गाड्यांत सेन्सर नसतो, दिवा तिच्याबद्दल कधीच बोलणार नाही. तिला दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा. बारीक चाक असेल आणि साइजच्या सुरुवातीला टी असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागतात, आणि ती लावून ८० च्या वर जायचं नाही. हे सगळं डिकी भरण्याआधी उरका. बॅगा एकदा रचल्या की स्टेपनी बघायला कोणी त्या उपसत नाही.