'नकलाकार' म्हणावं का? पीटर सेलर्सच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: पीटर सेलर्स या इंग्लिश विनोदी नटावर मराठीत लिहायचं आहे, तर त्याच्या नावामागे लागणाऱ्या 'इम्प्रेशनिस्ट' या शब्दाचं काय करायचं? 'प्रभाववादी' लिहिलं तर तो चित्रकार वाटतो, 'मिमिक्री आर्टिस्ट' म्हटलं तर ऑर्केस्ट्रातल्या दोन गाण्यांमधली जागा भरणारा वाटतो, आणि 'नकलाकार' लिहिलं तर एवढ्या मोठ्या नटाला शाळेच्या गॅदरिंगमध्ये उभं केल्यासारखं होतं.

माझं उत्तर: 'नकलाकार' लिहा, बेधडक लिहा. फक्त कुठपर्यंत लिहायचं ते त्याच्या कारकिर्दीकडे बघून ठरवा. त्या सगळ्या कारकिर्दीला हा एक शब्द पुरत नाही.

'प्रभाववादी' आधी बाजूला काढू. तो शब्द मोने आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांचा. १८७४च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनावर लिहिताना एका टीकाकाराने मोनेच्या चित्राच्या नावावरून तो चिडवायला वापरला आणि पुढे तोच रूढ झाला. इंग्लिश रंगमंचावरच्या इम्प्रेशनिस्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिथे 'इम्प्रेशन' म्हणजे सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाचा आवाज, लकब, बोलण्याची ढब उतरवणं. 'सगळ्यांच्या ओळखीच्या' हे शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कारण आपल्या 'नक्कल' शब्दातही नेमकी तीच अट आहे. शब्द मूळचा अरबी, अर्थ प्रत. सिटी सर्व्हेच्या कचेरीत आजही 'नक्कल मिळण्याबाबत' अर्ज करतात, आणि मूळ कागद दप्तरी असल्याशिवाय त्या नकलेला कवडीची किंमत नसते. रंगमंचावरही तसंच. ऐकणाऱ्याला मूळ माणूस ठाऊक नसेल तर नक्कल पडते. 'हुबेहूब!' ही दाद द्यायला समोरच्याच्या मनात मूळ आधीपासून हवं. सोंगाला ही अट नाही. म्हणून नक्कल 'उतरवतात' आणि सोंग 'आणतात'. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. तिथे 'नक्कल' घालून बघा, वाक्य बसत नाही.

आता सेलर्स. जन्म १९२५, साउथसी, घरचे सगळे रंगमंचावर पोट भरणारे. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात होता आणि राल्फ रीडरच्या 'गँग शो' या करमणूक पथकातून हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशातही हिंडला. तिथे त्याला एक नाद लागला: अधिकाऱ्याचा गणवेश चढवायचा, मिशा चिकटवायच्या आणि सरळ अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जाऊन बसायचं. ही नक्कल नव्हे, समोरच्याला ती कळताच कामा नये. हे बहुरूप्याचं काम. पोलिसाच्या वेषात दारात येणारा बहुरूपी आधी क्षणभर तुमच्या छातीत धडकी भरवतो, मग हसवतो, मग बिदागी मागतो.

१९४८ साली त्याने जे केलं ते तर अगदी याच क्रमाने केलं. युद्ध संपलेलं, काम मिळेना. तेव्हा बीबीसीवर केनेथ हॉर्न आणि रिचर्ड मर्डॉक ही विनोदी जोडी घराघरात ठाऊक होती. 'शो टाइम' या कार्यक्रमाचा निर्माता रॉय स्पीअर याला सेलर्सने फोन लावला, तोही हॉर्नच्या आवाजात. पीटर सेलर्स नावाचा एक पोरगा बघितला, भलताच हुशार आहे, त्याला घ्याच, अशी शिफारस केली. मध्येच मर्डॉकच्या आवाजातही बोलून घेतलं. स्पीअरचा विश्वास बसला असं दिसल्यावर सांगून टाकलं की बोलतोय तो सेलर्सच. स्पीअर चिडला, पण काम दिलं. या एका फोनमध्ये दोन्ही शब्द लागू होतात, हे मला फार मोलाचं वाटतं: उघड होईपर्यंत तो बहुरूपी आहे आणि उघड झाल्या क्षणी नकलाकार. आवाज तोच, फरक पडला तो ऐकणाऱ्याला काय माहीत आहे त्यात.

पुढे १९५१ ते १९६० 'गून शो'. हॅरी सीकम, स्पाइक मिलिगन आणि सेलर्स. (मिलिगनचा जन्म १९१८चा आपल्या अहमदनगरचा, बालपण पुण्यात आणि मग रंगूनमध्ये.) नभोवाणीवरच्या या कार्यक्रमात सेलर्स एकटाच मेजर ब्लडनॉक, म्हातारा हेन्री क्रन, चिरक्या आवाजाचा पोरगा ब्लूबॉटल आणि गोडबोल्या भामटा ग्रिटपाइप-थिन असे कितीतरी आवाज काढायचा. ग्रिटपाइप-थिनचा आवाज जॉर्ज सँडर्स या नटावरून घेतलेला. ब्लूबॉटलचा एका स्काउटमास्तरावरून, आणि तो स्काउटमास्तर श्रोत्यांपैकी कोणाला माहीत असणार? म्हणजे 'नकलाकार' हा शब्द इथेच अपुरा पडायला लागतो. मूळ माणूस खरा आहे, नटाने तो बारकाईने टिपलाही आहे, पण हसणाऱ्याला त्याची गरज उरलेली नाही.

सिनेमात हे फारच ठळक दिसतं. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) मध्ये त्याच्या तीन भूमिका आहेत. त्यातल्या चाकाच्या खुर्चीतल्या शास्त्रज्ञाचा तो विचित्र उच्चार सेटवर आलेल्या वीजी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराच्या बोलण्यावरून उचललेला. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या भूमिकेत सेलर्सने आधी सर्दी झालेला, बायकी हातवारे करणारा माणूस उभा केला. सेटवर हशा पिकला, आणि दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकने ते सगळं काढून टाकायला लावलं. उरला तो साधा, समंजस, हतबल माणूस, आणि त्याचा तो फोनवरचा संवाद मला आजही तिन्ही भूमिकांत सरस वाटतो. १९६२च्या 'लोलिता'त क्विल्टी या पात्राचा आवाज नॉर्मन ग्रँझ या जॅझच्या कार्यक्रमांच्या आयोजकावरून, १९७९च्या 'बीइंग देअर'मधल्या माळ्याच्या बोलण्यामागे लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेल. यांना कोणी नकला म्हणू नये. या भूमिका आहेत, वठवलेल्या. फार तर 'बहुरूपी नट' म्हणा.

याच्या उलट टोकाला १९६५ची तबकडी: बीटल्सचं 'अ हार्ड डेज नाइट' हे गाणं त्याने शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड करणाऱ्या लॉरेन्स ऑलिव्हिए या नटाच्या थाटात, गद्यात म्हणून दाखवलं. इथे गाणंही माहीत हवं आणि ऑलिव्हिएही. दोन्हीपैकी एक काढलं तर विनोदच उरत नाही. ही शंभर टक्के नक्कल आणि हे करणारा शंभर टक्के नकलाकार.

मध्येच एक पेचाचं प्रकरण आहे. १९५६च्या 'द मॅन हू नेव्हर वॉज' या सिनेमात चर्चिलचा आवाज सेलर्सचा आहे. मूळ माणूस जगाला ठाऊक, पण प्रेक्षकाला 'वा, काय नक्कल!' असं वाटलं तर सिनेमा बिघडला. अशा ठिकाणी मी 'चर्चिलला आवाज दिला' एवढंच लिहीन.

आणखी एक शब्द या निमित्ताने हाताशी असू द्या: वेडावणे. एखाद्याचं बोलणं वाकडं करून त्याच्याच तोंडावर फेकणं. सेलर्सने तोंडाला तपकिरी रंग फासून 'द मिलिअनेरेस'मधला (१९६०) डॉक्टर कबीर आणि 'द पार्टी'मधला (१९६८) बक्षी हे दोन भारतीय केले. त्यांच्या तोंडची इंग्रजी ना मराठी माणसाची, ना बंगाल्याची, ना तमिळाची. इथे मूळ एक माणूस नाही, अख्खा लोकसमूह आहे. बक्षी स्वभावाने भला आणि सभ्य आहे हे मान्य करूनही, त्याच्या उच्चारांवर हसवणं मला वेडावणंच वाटतं. सोफिया लॉरेनबरोबरच्या 'गुडनेस ग्रेशस मी' या गाण्यातला कबीरचा तो हेल ब्रिटनमधल्या भारतीयांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतला. पुढे त्यांच्यातल्याच मीरा स्याल, संजीव भास्कर आणि मंडळींनी तेच शब्द आपल्या विनोदी मालिकेचं नाव म्हणून घेतले, १९९६ला रेडिओवर आणि १९९८ला दूरचित्रवाणीवर, आणि गोऱ्यांच्या बोलण्यावागण्याकडे आरसा फिरवला.

राहिला 'नकलाकार' हलका वाटण्याचा मुद्दा. गणेशोत्सवात 'नकलांचा कार्यक्रम' असं फलकावर मानाने लिहिलं जायचं आणि त्याला गर्दी लोटायची. शब्दात हलकेपणा नाही, आपण तो अलीकडे चिकटवला. 'मिमिक्री' बोलण्यात येतो तसा येऊ द्या, लेखात मात्र 'नकलाकार'ने काम भागतं. परिचयाची ओळ मी अशी करीन: 'नभोवाणीवर नकलाकार म्हणून सुरुवात केलेला आणि पडद्यावर बहुरूपी नट म्हणून गाजलेला पीटर सेलर्स'. आणि क्रियापदं सांभाळा: हॉर्नची नक्कल त्याने उतरवली, अधिकाऱ्याचं सोंग आणलं, स्ट्रेंजलव्ह वठवला.