भांडण्याआधी शब्द तपासून घे

कालचं तुझं ऑनलाइन भांडण पाहिलं. संजय दत्तला तू बिनधास्त 'दहशतवादी' म्हणालास आणि तिथेच हरलास. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने २००६ मध्ये त्याला दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केलं. शिक्षा झाली ती शस्त्र कायद्याखाली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ५ वर्षांवर आणली. समोरच्याने एवढंच दाखवलं आणि तुझा खरा मुद्दा पाण्यात गेला. साध्या कैद्याला पॅरोल, फर्लो (तुरुंगातून मिळणारी तात्पुरती सुटी) असेच मिळतात का, हा प्रश्न चांगला होता रे! आरोप, आरोपपत्र आणि दोषसिद्धी, तिन्ही वेगळं.

पुढाऱ्यांच्या बाबतीत जास्त चिकाटी लागते. २६/११ नंतर तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजच्या पाहणीला गेले, सोबत मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा. त्या दृश्यावर लोक अजूनही रात्रभर भांडतील. पण तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांनी (पाटील) डिसेंबर २००८ मध्ये राजीनामा दिला आणि २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले. विलासरावांचंही मुख्यमंत्रिपद गेलं, पण पुढे ते केंद्रात मंत्री झाले. मग राजीनाम्याने नेमकं काय झालं, हे विचार. २६/११ च्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीबद्दल काय म्हटलं, तेही विचार. (बहुतेकांनी नावच ऐकलेलं नसतं. चेहरे बघण्यासारखे होतात.)

'तेव्हा तुम्ही कुठे होता?' हे येणारच. 'तेही चूकच' म्हण आणि मूळ प्रश्नावर परत ये. कुणाच्या बायकामुलांवर घसरू नकोस. आणि रात्री अकरानंतर उत्तर देऊ नकोस. मी दिलेली सगळी सकाळी खोडावी लागली आहेत.